बाकी

सोमवारपासून दंड नाही.
सेंट जॉन्सहून आलेल्या पत्रात एवढंच होतं,
खाली एक सही, ओळख नसलेली.
धुकं खाडीत शिरलं होतं, फेरीबोट लांबली होती.
मी पत्र दोनदा वाचलं
आणि खणातला बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

एकतीस वर्षं हा डबा.
मोठ्यांना दिवसाला दहा सेंट, पोरांना पाच.
महिन्याच्या सुरुवातीला नाणं टण्ण वाजायचं,
अखेरीला नुसतं खळ्ळ.
खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते:
चष्मा नाकावर ओढून शिक्का बघायचा,
दिवस मोठ्याने मोजायचे
आणि समोरच्याचे कान लाल होताना पाहायचे.

दारावर पाटी लावली.
बुधवारी पेटीत तीन पुस्तकं, गुरुवारी एकोणीस.
एकात बर्फात अडकलेल्या गाडीची पावती,
एकात खूण म्हणून ठेवलेला कॅपलिन मासा,
कागदासारखा चपटा, वासाला मात्र अजून ताजा.

शुक्रवारी गस ब्लंडन स्वतः आला,
डिझेल इंजिनांचं पुस्तक कोटात लपवून.
होडी विकून त्याला एकवीस वर्षं झाली.
"एफी, एकशेबारावं पान नाही.
इंजिनाशेजारी चिकटवलं होतं मी. ते होडीबरोबर गेलं."
मी म्हटलं, बस.
एकवीस वर्षं हा माणूस दुकानाच्या दारात
माझ्याशी हवापाण्याचं बोलत होता
आणि ही पायरी चुकवायला पोस्टाला वळसा घालून जात होता.

त्याच्यासाठी चहा ओतला, तेवढ्यात यंत्रानं विचारलं:
सगळ्या बाक्या पुसायच्या?
यादी उलगडली.
कार्डांवरून संगणकात ती मीच उतरवली होती, एकेक नाव,
काही न सांडता.
त्यात मेलेलेही होते. इझिकिएल टक, पाच डॉलर.
तो बुडाला त्यानंतरही यंत्र मोजत राहिलं,
पाचाशी थांबलं, कारण पाचापुढे मोजायचं नाही असा नियम.

आणि रोवीना पार्डी. एक डॉलर चाळीस.

सात वर्षांची. मासळीचा कारखाना बंद पडला तो हिवाळा.
पायात भावाचे बूट, पावलागणिक वेगळा आवाज करणारे.
देवमाशांचं पुस्तक परत आणलं होतं, अठ्ठावीस दिवस उशिरा.
काखेत दुसरं, खोल समुद्रातल्या, स्वतःच्या उजेडात पोहणाऱ्या जिवांचं.
मुठीतून निघाले पस्तीस सेंट, गरम.
मी म्हटलं, "पूर्ण आणलेस की मग ने हो."
त्या 'हो'ची मला नंतर फार लाज वाटली.

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं,
त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवून,
परक्याची वस्तू ठेवावी तसं.
नाणी मोजून परत मुठीत घेतली.
वसंतात पार्डींच्या खिडक्यांना फळ्या लागल्या.
आल्बर्टाला गेले म्हणतात, तेलाच्या कामावर.

ते पुस्तक अजून आहे.
चार वेळा रद्दीच्या यादीत आलं,
चार वेळा मी नाव खोडलं.
मागच्या कागदावर एकही शिक्का नाही.

आणि हे कधी कुणाला सांगितलेलं नाही:
त्या दिवशी माझ्या कोटात दोन डॉलर होते.
पावासाठी ठेवलेले.

मी 'हो' दाबलं.
क्षणभर यंत्र घरघरलं, मग सगळीकडे शून्य,
इझिकिएलसमोर शून्य, रोवीनासमोर शून्य.
एवढं हलकं होतं होय ते.

गसनं चहा संपवला, ओली टोपी गुडघ्यावरून उचलली.
दारात थांबून, सवयीनं म्हणाला,
"बाकी काय, एफी?"
"एक डॉलर चाळीस," मी म्हटलं.
तो खिसे चाचपू लागला.
बिचाऱ्याला वाटलं, चहाचे.